अर्धा कप चहा, पंधरा दिवसांचं पुस्तक

तरोडा, भाग्यनगर, औसा रोड, बार्शी रोड. नांदेड आणि लातूर गेल्या तीन-चार दशकांत ज्या दिशांनी वाढले, तिथल्या नव्या वस्त्यांची घडण एकाच साच्यातली आहे. शेत एन.ए. झालं, तीस-चाळीसचे प्लॉट पडले, नियमाप्रमाणे मधे एक ओपन स्पेस सुटली आणि सात तालुक्यांतली माणसं भिंतीला भिंत लावून राहायला आली. मुखेडचे मास्तर, कंधारचे ग्रामसेवक, अहमदपूरचे बँकवाले, निलंग्याहून केवळ मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवलेलं कुटुंब. गावाकडे ह्यांतल्या कुणाला आपण कुणाचे कोण हे सांगावं लागत नव्हतं. इथे फाटकावरच्या पाटीत मावेल तेवढीच ओळख. लातुरात तर वरच्या मजल्यावरचा शेजारी दर दोन वर्षांनी बदलतो, कारण वर ‘नीट’ची तयारी करणारी पोरं राहतात. ती जून-जुलैत येतात, शिकवणी, मेस आणि खोली एवढ्या परिघात दोन वर्षं काढतात आणि परीक्षा झाली की गादी गुंडाळून निघून जातात. घरमालकाच्या भाड्याच्या वहीत त्यांचं आडनाव असतं, गाव मात्र त्याला आठवत नाही. अशा ठिकाणी शेजार आपोआप जमून येईल असं धरून चालणं चूक आहे. तो जमवावा लागतो, आणि त्यासाठी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कमी गाजावाजाचा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा दीड तास मांडलेलं एक टेबल. त्यावर चहाची किटली आणि चाळीस-पन्नास पुस्तकं, दोन्ही फुकट.

फुकट चहा आपल्याकडे नवा नाही आणि मोफत वाचनालयही नवं नाही. पण दोन्ही वेगवेगळे चालवून शेजार घडत नाही, हा माझा मुद्दा आहे. चहा माणसाला टेबलापाशी आणतो, परत आणत नाही. प्यायला, रुमालानं तोंड पुसलं, निघाला. उलट नुसतं पुस्तक माणसाला एकटं करतं, आणि ते त्याचं कामच आहे. पण उसनं नेलेलं पुस्तक ठरल्या दिवशी परत करायला यावं लागतं, आल्यावर चहा असतो, चहा संपेस्तोवर दोन माणसांशी बोलणं होतं आणि जाताना हातात दुसरं पुस्तक असतं. म्हणजे खरं काम करते ती परतीची तारीख. तिच्यामुळे अनोळखी माणसांत एक छोटं देणंघेणं सुरू होतं, आणि विश्वास बसायला पैशापेक्षा अशी बिनपैशाची देणीघेणीच बरी पडतात. पुढची सगळी व्यवस्था, म्हणजे जागा कुठली, कप कोणते, वहीत काय लिहायचं, ही ह्या एका गोष्टीला धरून ठरवायची आहे.

शेजार असला काय आणि नसला काय, बिघडतं काय, असं कुणी विचारेल. लातूर जिल्ह्याला तरी ह्याचं उत्तर बाहेर शोधावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लष्कर आणि सरकारी यंत्रणा पोहोचेपर्यंतचे तास शेजाऱ्यांचे होते. कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी हातांनी दगडमाती उपसली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले, पण जुन्या गावात ओसरीतून ओसरीत चालणारं बोलणं त्या सुट्या-सुट्या घरांत सहज रुजलं नाही. आता आपल्या शहरांतल्या नव्या कॉलन्या बघा: त्या भूकंपाशिवायच तशा झाल्या आहेत. दुसरा पुरावा दूरचा आहे, पण एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्याला तो लगेच कळेल. जुलै १९९५मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेनं सातशेहून अधिक माणसं दगावली. एरिक क्लायननबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे भरपूर, दोन्हीकडे पैशाची ओढ. तरी एकीतला मृत्युदर दुसरीच्या जवळपास दहापट निघाला. कमी माणसं गेली त्या वस्तीत दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज घराबाहेर पडत होती. ‘आज दिसले नाहीत’ हे कुणाच्या तरी लक्षात येत होतं, आणि कितीतरी वेळा जीव वाचायला तेवढं पुरतं.

आता पहिला आक्षेप, जो प्रत्येक सभेत पहिल्या पाच मिनिटांत येतो: फुकटाची किंमत नसते. पाच रुपये ठेवा, मग लोकांना कदर वाटेल. ह्यावर नांदेडच्या माणसानं तरी असं बोलू नये. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं देहावसान ज्या भूमीत झालं, त्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरात चहा आणि जेवण सगळ्यांना मिळतं. नाव, गाव, जात, धर्म कुणी विचारत नाही. तिथे कदर नाही असं म्हणायचं कुणाचं धाडस आहे? मात्र लंगर फुकट असूनही भीक होत नाही, ह्याचं कारण नीट बघायला हवं. एक तर सगळे एकाच ओळीत, एकाच पातळीवर बसतात. मोठ्या घरचा आणि रस्त्यावरचा ह्यांना ताट एकच. दुसरं, घेणारा आणि देणारा ही जागा कायमची नाही. आत्ता जेवलेला माणूस उठून भांडी घासायला बसू शकतो, पोळ्या लाटू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. शीख परंपरेत आधी पंगत आणि मग संगत असा क्रम मानतात. आधी शेजारी बसून खा, मग बोलणं होईल. आपल्या टेबलाला हाच क्रम लागू आहे. फुकट देणं चालेल, पण देणारे ठरावीक आणि घेणारे ठरावीक असं झालं की तो दानधर्म झाला, आणि दानधर्मातून उपकार निपजतात, शेजार निपजत नाही. म्हणून पहिला नियम: पंधरा घरं गाठा, चहा दर आठवड्याला वेगळ्या घरचा. एका घराची पाळी साडेतीन महिन्यांनी एकदा येते, ओझं वाटत नाही आणि ‘आमच्याकडचा चहा’ म्हणायची संधी सगळ्यांना मिळते. पंधरांत भाडेकरू हवेतच. वरच्या मजल्यावरच्या पोरांना चहा करता येत नसेल तर त्यांनी ग्लास विसळावेत. अठरा वर्षांच्या मुलाला ह्यानं काही होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गल्लीत येता-जाता लोक बोलतातच की, त्यासाठी टेबल कशाला? आशुतोष वार्ष्णेय ह्यांनी भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करून २००२ साली पुस्तक लिहिलं. कोणती शहरं पेटतात आणि कोणती शांत राहतात, हे त्यांनी शहरांच्या जोड्या लावून तपासलं. खेड्यात रोजचं येणं-जाणं, एकमेकांच्या सणाला जाणं शांततेला पुरतं. शहरात ते ताणाच्या वेळी तुटतं. तिथे टिकतात त्या संस्था, संघटना, व्यापारी मंडळं, वाचक मंडळं, जिथे दोन्हीकडची माणसं ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या वेळी एकत्र येतात. आपल्या राज्यातलं भिवंडीचं उदाहरण ह्याच जातीचं. १९७० आणि १९८४ला तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची माणसं नियमानं एका सतरंजीवर बसू लागली, आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आठवड्याचं चहाचं टेबल म्हणजे काही मोहल्ला समिती नव्हे, त्याचा आव आणू नये. पण नांदेडसारख्या, जिथे हिंदू, मुस्लिम, शीख, बौद्ध एकाच बाजारात उठबस करून संध्याकाळी आपापल्या वस्तीत परततात अशा शहरात, ठरलेला वार आणि ठरलेली वही ह्यांची किंमत सहज भेटण्यापेक्षा जास्त आहे. ‘कधी तरी बसू’ हे वाक्य मराठीत निरोप घेण्यासाठी वापरतात.

हे जमतं का, ह्याचे नमुने आपल्याकडे आहेत. नाशिकजवळ ओझरच्या अलीकडे दहावा मैल इथे भीमाबाई जोंधळे ह्यांच्या हॉटेलात टेबलाटेबलांवर पुस्तकं असतात. चहाच्या टपरीपासून सुरू झालेला हा व्यवसाय आज ‘पुस्तकांचं हॉटेल’ म्हणून ओळखला जातो. ऑर्डर येईपर्यंतच्या वेळात माणूस मोबाइलऐवजी पुस्तक उघडतो, एवढी साधी कल्पना. त्यातून चहाच्या जोडीला पुस्तक सहज उचललं जातं हे सिद्ध होतं, पण महामार्गावरचं गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे ह्यांच्या पुढाकारानं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी एका वस्तीत एकाच्या घरी राहते, आसपासची कुटुंबं तिथून पुस्तकं नेतात, काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या वस्तीला जाते आणि नवी येते. इथे परतीची तारीख आली आणि शेजारही आला. योगायोग असा की त्याच २००९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बॉल ह्यांनी अंगणात पुस्तकांची छोटी लाकडी पेटी उभी केली: हवं ते न्या, जमलं तर एखादं ठेवा. ती कल्पना जगभर गेली. आपल्याकडेही काही बागांतून आणि सोसायट्यांतून तशा पेट्या दिसतात. मला ती पद्धत आपल्या गल्लीसाठी पटत नाही. पुस्तकं चोरीला जातात म्हणून नव्हे. पेटीपाशी कुणी भेटत नाही म्हणून. पुस्तक हलतं, माणूस तिथल्या तिथे. म्हणून पेटीपेक्षा नाशिकचा नमुना घ्या आणि त्याला किटली जोडा.

जागेपासून सुरू करू. टेबल कुणाच्या तरी फाटकासमोर, ओट्यावर किंवा ओपन स्पेसच्या कडेला लिंबाखाली लावा. ओपन स्पेसमध्ये देऊळ झालं असेल, आणि बहुतेक ठिकाणी झालंय, तर देवळाच्या पायरीवर लावू नका. विहाराच्या, मशिदीच्या आवारातही नको. ती ठिकाणं वाईट म्हणून नाही. तिथे येताना काही माणसांना उंबरा ओलांडावा लागतो, आणि जे उंबऱ्यापाशी थबकतात तेच आपल्याला हवे आहेत. नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयापासून शंभर पावलं लांब राहा. सार्वजनिक रस्ता अडवायचा नाही, मंडप घालायचा नाही, लाऊडस्पीकर तर नाहीच. एवढं पाळलं की परवानग्यांची भानगड सहसा उद्भवत नाही. वेळ ठरवताना बायकांना विचारून ठरवा, पुरुषांना नव्हे. आपल्या दोन्ही शहरांत टपरी ही पुरुषांची जागा आहे. एखादी बाई टपरीवर उभी राहून चहा पिते तेव्हा चार माना वळतात. घरासमोरच्या टेबलाला ती अडचण नाही, हा ह्या उपक्रमाचा मोठा फायदा आहे, पण वेळ चुकली तर तोही जातो. सकाळी पाणी, डबे आणि शाळा असते, सातनंतर स्वयंपाक. रविवारी साडेचार ते सहा ही वेळ बहुतेक वस्त्यांना मानवते. उन्हाळ्यात ती थोडी पुढे सरकवा आणि किटलीत चहाऐवजी ताक किंवा पन्हं येऊ द्या. नळाला पाणी येण्याचा वार टाळा. लातूरकरांना हे सांगायला नको. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आणि पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दीवर जमावबंदी लागली होती, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

चहाचा हिशेब सोपा आहे. चाळीस अर्ध्या कपांना दोन लिटर दूध, दीड लिटरभर पाणी, शंभर ग्रॅम पत्ती, पाव किलोहून थोडी जास्त साखर आणि बोटभर आलं. दोन-अडीचशे रुपयांत भागतं. छोट्या किटलीत बिनसाखरेचा वेगळा ठेवा, कारण साठी ओलांडलेल्यांत तोच आधी संपेल. बिस्किटं, पोहे, वडे काही नको. एकदा कुणी भजी केली की पुढच्या घराला भजी करावीच लागतात, आणि सहा महिन्यांत सगळ्यांच्या पाळ्या ‘तब्येत बरी नाही’ म्हणून हुकायला लागतात. आता कपांचा प्रश्न, आणि हा दिसतो तेवढा किरकोळ नाही. कागदी कप सोयीचे, पण त्यांच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि सोमवारी ते नालीत तुंबलेले दिसतात. पाण्याची टंचाई बघता ‘आपापला कप घरून आणा’ असं सुचवणारे भेटतील. सूचना शहाणपणाची वाटते, तरी ती मानू नका. आपापला कप ह्या प्रथेला आपल्या भागात इतिहास आहे. दलितांसाठी वेगळा कप, भिंतीला खिळ्यावर किंवा वळचणीला ठेवलेला, आणि पिणाऱ्यानंच तो धुवून परत ठेवायचा, हे म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाबा आढावांना सत्तरच्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ची चळवळ चालवावी लागली, आणि १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांतली दलितांची घरं जाळली गेली. हे सगळं फार लांबचं नाही. तेव्हा सगळ्यांना सारखे, काचेचे, कटिंगचे ग्लास घ्या. दोन टब ठेवा, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात स्वच्छ. दोन बादल्यांत चाळीस ग्लास निघतात, आणि ते खळबळलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओता. कोण कुणाचा ग्लास विसळतो ह्याकडे पहिले काही रविवार सगळे चोरून बघतील. बघू द्या.

पुस्तकं विकत घेऊन सुरुवात करू नका. पंधरा घरांतून प्रत्येकी तीन मागा, पंचेचाळीस झाली. अट एकच: स्वतः वाचलेलं आणि आवडलेलं द्यायचं. ही अट घातली नाही तर लोक माळा साफ करतात आणि तुमच्या टेबलावर २०१४चं जनरल नॉलेज, कुणाच्या तरी षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवग्रंथ आणि पाककृतींची सुटलेली पानं येऊन पडतात. दिवाळी अंक हा सगळ्यांत चांगला माल. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरांत ते साठत आलेत, एका अंकात कथा, लेख, राशिभविष्य सगळं असतं, हरवला तर कुणाचा जीव जात नाही, आणि ज्याला पुस्तकाची धास्ती वाटते तोही अंक उचलतो. मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ आहे, १९७१पासून चालू. जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, पण टेबलावर कागदी हवेत. नांदेडमध्ये एक कप्पा उर्दूचा ठेवाच, राष्ट्रीय उर्दू परिषदेची बालपुस्तकं अगदी स्वस्त असतात. देगलूर-बिलोलीकडून आलेल्या घरांसाठी चार तेलुगू, उदगीरकडच्यांसाठी चार कानडी पुस्तकं मिळाली तर बघा. वाचणारे दोनच निघाले तरी आपली भाषा ह्या टेबलावर आहे हे त्यांना दिसतं. लातुरात आणखी एक साठा दरवर्षी रद्दीच्या भावानं वाया जातो. मेमध्ये परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात आणि जीवशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकांचे गठ्ठे किलोवर विकले जातात. त्या आठवड्यात खोल्याखोल्यांतून फिरा. जूनमध्ये येणाऱ्या नव्या पोराला ‘मागच्या वर्षी वर राहायचा त्यानं ठेवलंय’ म्हणून पुस्तक मिळालं, तर त्याला गल्लीत पाऊल टाकताच शेजार लाभला. मात्र हा गठ्ठा वेगळ्या खोक्यात ठेवा. परीक्षेची पुस्तकं टेबलावर पसरली की त्याची अभ्यासिका होते आणि गप्पा बंद पडतात. शहरात पैसे भरून गप्प बसायच्या अभ्यासिका आधीच भरपूर आहेत.

नोंदीला दोनशे पानी वही पुरते. चार रकाने आखा: नाव, घराची खूण, पुस्तक, परतीचा रविवार. घराची खूण म्हणजे ‘तिसरी गल्ली, हिरवं फाटक’ एवढंच. मोबाइल नंबर घेऊ नका, मुलींचे तर मुळीच नाही. ओळख पटवायला फाटक पुरतं आणि पुस्तक आलं नाही तर फोन करण्याऐवजी चालत जावं लागतं, ते जास्त उपयोगाचं. मुदत पंधरा दिवसांची ठेवा, महिन्याची नको, कारण आपल्याला माणूस लवकर परत हवा आहे. वाचून झालं नसेल तर पुस्तक आणून दाखवायचं, चहा प्यायचा आणि तेच पुन्हा न्यायचं. अनामत रक्कम नाही, दंड नाही. पुस्तकं हरवतील, हे आधीच धरून चाला. पंचेचाळिसांतली दहा वर्षभरात गेली तर तो तोटा मानू नका. वहीत नाव खोडून ‘गेलं’ असं लिहा, पण नेणाऱ्याला दुसरं पुस्तक नाकारू नका. पुस्तक हरवलेला माणूस लाजेनं यायचा बंद होतो, हे पुस्तक जाण्यापेक्षा मोठं नुकसान आहे. एखाद्या रविवारी त्याच्याच घरच्या पोराला वही लिहायला बसवा, तो येईल.

पैशांविषयी आणि पुढाऱ्यांविषयी एकत्रच सांगतो, कारण ते एकत्रच येतात. उपक्रम दोन-तीन महिने टिकला की कुणी तरी कपाट द्यायला तयार होईल. कपाटावर नाव येईल, नावाखाली फोटो येईल, मग चौकात फ्लेक्स लागेल आणि त्यावर शुभेच्छुकांची बारा तोंडं. त्या दिवशी अर्धी गल्ली यायची बंद होते. कपाट नको म्हणा. पुस्तकं दोन पत्र्याच्या पेट्यांत मावतात; पाळी ज्याची, पेट्या त्याच्या घरी. त्यामुळे आठवडाभर पुस्तकं कुणाच्या तरी घरात राहतात आणि त्या घरातली पोरं ती चाळतात, हा वरचा फायदा. वर्गणी, पावती पुस्तक, अध्यक्ष, सचिव, नोंदणी ह्यांतलं काही पहिल्या वर्षी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपही नको. ग्रुप झाला की सुप्रभात आणि फॉरवर्ड सुरू होतात, एखाद्या रात्री कुणी तरी विषारी काही टाकतं, आणि समोरासमोर जे कधी बोलले नसते ते लोक तिथे बोलतात. रविवार ठरलेला आहे, निरोपाची गरज काय?

‘शहरात ग्रंथालयं आहेत, त्यांना का बळ देत नाही?’ असा शेवटचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांत अनुदानित वाचनालयं आहेत. मराठवाड्यात तर वाचनालयांनी मोठं काम केलेलं आहे. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर कडक निर्बंध असताना चारचौघांत बसायला वाचनालय ही त्यातल्या त्यात मोकळी जागा होती. परभणीचं गणेश वाचनालय १९०१चं. पण आज त्या वाचनालयापर्यंत जो जातो तो आधीच वाचक असतो. तरोड्याच्या गृहिणीला, पहिलीतल्या मुलाच्या आजोबांना, रिक्षा लावून दहा मिनिटं थांबणाऱ्याला तिथली पायरी लांब वाटते. टेबल हे वाचनालयाचं गिऱ्हाईक पळवत नाही, त्याला नवं गिऱ्हाईक तयार करून देतं. सहा महिन्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन पन्नास पुस्तकं फिरती देता का विचारा; एखाद्या ग्रंथपालांना रविवारी चहाला बोलवा, त्यांनी सभासदत्वाचे अर्ज बरोबर आणावेत. भाषण ठेवू नका.

सुरुवातीला कोणता महिना धरावा हे शहरावर आहे. लातुरात जूनचा शेवटचा रविवार, कारण नवी पोरं आलेली असतात आणि मेसचा चहा त्यांना अजून आवडलेला नसतो. पावसाची सर आली तर टेबल पार्किंगमध्ये घ्या. नांदेडला दिवाळीनंतरचा आठवडा बरा, घरोघरी अंक ताजे असतात आणि हवा सुखद असते. सुरुवातीला पंधरा घरं नाही जमली तर सहांवर चालू करा, पाळी लवकर येईल एवढंच. पहिल्या रविवारी अकरा ग्लास आणि तीन पुस्तकं गेली तरी पुष्कळ. टेबल उचलण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या रविवारचं घर कोणतं ते लिहून घ्या, आणि त्या घरच्या माणसाच्या हातात पेट्या आजच द्या, शनिवारपर्यंत थांबू नका.